काचबाई आणि एकशे बारा खिडक्या

काचबाईंच्या धंद्यात एक मोठी पंचाईत होती. काम नीट झालं तर ते दिसायचं नाही, आणि दिसलं तर समजायचं की कुठेतरी बिघडलंय.

सुतारानं कपाट केलं की निदान त्याचा दरवाजा तरी करकरतो. रंगारी येऊन गेला की आठवडाभर घराला वास येतो आणि कुणाच्या ना कुणाच्या बाहीला रंग लागतो. काचबाई मात्र सकाळी नऊला शिडी आणि पेटी घेऊन एखाद्याच्या घरात शिरायच्या, दिवसभर खिडक्यांशी झटापट करायच्या, आणि संध्याकाळी निघायला लागल्या की घरमालक काचेला नाक चिकटवून हमखास विचारायचा, "लावलंत ना?"

"लावलंय."

"कुठे?"

"तुमचं नाक आहे ना, तिथे."

त्या काचांवर लेप लावत. पाण्यासारखा पातळ, जरासा झोंबऱ्या वासाचा द्रव. तो रुंद स्पंजावर घ्यायचा, तावदानाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत एका दमात ओढायचा आणि मागे वळून पुन्हा त्याला हात लावायचा नाही. वाळला की काच पहिल्यासारखी. उजेड तसाच आत येतो, समोरचं झाड तसंच दिसतं, फक्त उन्हातले दोन उपद्रवी बाहेर राहतात. एक, पडद्यांचा आणि पुस्तकांचा रंग उडवणारे किरण. दुसरे, खोलीची भट्टी करणारे. शास्त्रात त्यांना अतिनील आणि अवरक्त अशी भारदस्त नावं आहेत. काचबाई त्यांना 'रंगखाऊ' आणि 'तापट' म्हणत. "रंगखाऊ जवळजवळ सगळे अडतात," त्या गिऱ्हाइकाला सांगत, "तापटांपैकी थोडे शिरतात. घरातले तापट मात्र तुमचे तुम्ही बघा."

या कामात त्या पडल्या त्या एका निळ्या पडद्यामुळे.

त्याआधी पंधरा वर्षं त्या एका कापडाच्या दुकानात विक्रीला होत्या. दुकानाची दर्शनी काच पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन सरळ मांडलेल्या ताग्यांवर. महिन्यातून दोनदा तागे फिरवून ठेवायचे, हे काम त्यांचं. एका महिन्यात त्यांना ताप आला आणि ते राहून गेलं. नेमकी त्याच आठवड्यात एक बाई येऊन निळं पडद्याचं कापड घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तीच बाई वादळासारखी आत आली आणि तिनं काउंटरवर कापड उलगडलं. अर्धं निळं, अर्धं पाणी घातलेल्या दुधासारखं.

"हा पडदा आहे की पट्टेवाला आजार?" ती म्हणाली.

दुकानदारानं काचबाईंना बोल लावला, त्यांनी उन्हाला लावला. ऊन काही उत्तर द्यायला आलं नाही. शेवटी दुकानदारानं कुणाकडून तरी पत्ता मिळवून एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. तो काचेवर लेप लावायचा. सगळे त्याला आजोबा म्हणत. त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून काचबाई उभ्या राहून बघत बसल्या. म्हणजे आधी उभ्या राहून, मग स्टुलावर बसून, मग न राहवून आजोबांच्या हातातलं फडकं धरून. आजोबा काम करताना एक शब्द बोलले नाहीत. शिडीवरून उतरल्यावर म्हणाले, "काचेसमोर गप्पा मारायच्या नाहीत. थुंकी उडते. लेपात अडकते. मग वाक्य कायमचं काचेत राहतं."

काचबाईंना ही अट जड होती. त्यांच्या तोंडाचा पट्टा गल्लीत प्रसिद्ध होता. पण त्या सुट्टीच्या दिवशी आजोबांबरोबर जाऊ लागल्या, पात्यानं काच खरवडायला शिकल्या, चौकटीला कागदी पट्टी चिकटवायला शिकल्या, पंखा बंद करून घामानं निथळत एक तावदान पुरं होईपर्यंत तोंड मिटून ठेवायला शिकल्या. साठलेलं सगळं बोलणं त्या तावदान संपल्यावर एकदम काढत. आजोबा म्हणत, धबधब्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. दोन वर्षांनी आजोबांचे गुडघे शिडीला नाही म्हणू लागले, तेव्हा त्यांनी आपली पेटी आणि गिऱ्हाइकांची वही काचबाईंच्या हाती दिली. त्या तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. दुकान सुटलं, 'काचबाई' हे नाव चिकटलं, आणि जन्मनाव फक्त रेशनच्या रांगेत आणि दवाखान्याच्या कागदावर उरलं.

घरी त्यांचे यजमान बस दुरुस्तीच्या कारखान्यात होते. कोपरापर्यंत काळे होऊन घरी यायचे. त्यांनी आज काय केलं हे विचारावं लागायचं नाही, नळाखालचं पाणी बघितलं की कळायचं. आणि घरात होती नणंद. टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि जिभेनं अजूनही मिनिटाला साठ शब्दांच्या वेगात.

"वहिनी, आज काय लावून आलीस?" ती विचारायची.

"सहा खिडक्या."

"काय लावलंस?"

"लेप."

"दिसतो?"

"नाही."

"मग तू तिथे दिवसभर झोपा काढल्यास तरी त्यांना कळणार कसं?"

काचबाई हसून सोडून देत. पण सतरा वर्षं एकच विनोद ऐकला की तो कुठेतरी रुततो. पुरावा म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ घालायच्या. रंगखाऊ किरण लागले की ते मणी जांभळे होत आणि घरात आलं की पुन्हा पांढरे. गल्लीतल्या बऱ्याच जणींची खात्री होती की काचबाईंकडे दोन माळा आहेत आणि त्या कोपऱ्यावर वळताना बदलतात.

छप्पन्नाव्या वर्षी त्यांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. चार मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडं, एकशे बारा खिडक्या. इमारतीचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता. त्याला कीड लागण्याआधीच उपाय केलेला आवडायचा, म्हणून त्यानं सभेत ठराव पास करून घेतला. ठरलं असं की आधी एका घराला नमुना म्हणून लेप लावायचा, पंधरा दिवस बघायचं आणि मग बाकीच्यांना. नमुन्याला घर निवडलं चौथ्या मजल्यावरचं, पश्चिमेचं, सगळ्यात तापणारं.

आणि तिथे राहत होते जजसाहेब.

जजसाहेब निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण न्यायालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दूधवाल्यानं दूध पातळ नाही म्हटलं तर ते म्हणत, "कशावरून?" पत्नी म्हणाली भूक लागलीये, तरी ते घड्याळ बघून मगच मान्य करत. त्यांची पत्नी हसरी, गोल चष्म्याची, या सगळ्याला सरावलेली. घरात तिसरं माणूस म्हणजे एक कासव. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या लोकांनी भेट दिलेलं. त्याचं नाव पत्नीनं ठेवलं होतं 'स्थगिती'. "यांचे सगळे खटले याच चालीनं चालायचे," ती सांगायची, आणि जजसाहेब वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

काचबाईंनी दोन दिवसांत ते घर पुरं केलं. बैठकीच्या दोन मोठ्या खिडक्या, शेजारी शेजारी, अगदी जुळ्या. झोपायच्या खोलीची एक. स्वयंपाकघरातली राहिली, कारण तिच्या चौकटीला नवा रंग लागला होता आणि तो ओला होता. सोळा दिवसांनी त्या पुढच्या बिऱ्हाडाची मापं घ्यायला गेल्या, तर सेक्रेटरी जिन्यातच उभा. तोंड असं की स्वतःचीच दाढ दुखतेय.

"काम थांबवायला लागेल," तो म्हणाला आणि त्यानं एक कागद पुढे केला.

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'सदर तावदानांची सकाळी, दुपारी व सायंकाळी पाहणी केली असता, तसेच नखाने, बोटाने व भिंगाने तपासणी केली असता, काहीही आढळून आले नाही. सबब, तावदानांवर काहीही लावण्यात आलेले नाही असा निष्कर्ष निघतो.'

काचबाईंनी तो दोनदा वाचला. नणंदेनं सतरा वर्षं जे चेष्टेत म्हटलं, ते एका जजनं सबब लावून लिहून दिलं होतं.

"खोली गार झाली नाही का?" त्यांनी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, हवामान बदललं असेल."

काचबाईंनी शिडी जिन्यातच टेकवली, पेटी उचलली आणि त्या सरळ चौथ्या मजल्यावर गेल्या. सेक्रेटरी मागोमाग. दार जजसाहेबांनीच उघडलं.

"साहेब, मी लेप लावलाय. सिद्ध करून दाखवते."

जजसाहेबांच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत प्रथमच कामावर रुजू झाल्याचं तेज आलं. "या," ते म्हणाले. "बसा. नाही, तुम्ही उभ्या राहा."

काचबाईंनी पेटीतून किरण मोजायचं मीटर काढलं. काचेवर धरलं, आकडा दाखवला.

"हे यंत्र कुणाचं?" जजसाहेब म्हणाले.

"माझं."

"म्हणजे साक्षीदार तुमच्याच घरचा. पुढे?"

त्यांनी माळ काढली. गॅलरीत उन्हात धरली, मणी जांभळे. लेप लावलेल्या काचेआड आणून दोन मिनिटं थांबल्या, मणी पांढरे. सेक्रेटरीनं तोंडात बोटच घालायचं बाकी ठेवलं.

"रंग बदलणारे रुमाल जादूगाराकडेही असतात," जजसाहेब म्हणाले. "पुढे?"

त्यांनी तापणारा दिवा आणि काचेचे दोन तुकडे काढले. एका तुकड्याआड हात भाजतो, दुसऱ्याआड नाही. जजसाहेबांनी दोन्हीकडे हात धरला, मान डोलावली आणि म्हणाले, "मान्य. या तुकड्यावर लेप आहे. पण बाई, प्रश्न या तुकड्याचा नाही. माझ्या खिडकीचा आहे."

काचबाईंनी दिवा बंद केला. राग यायचा सोडून त्यांच्या मनात आलं की म्हातारा बोलतोय ते अगदी चूक नाही.

तेवढ्यात जजसाहेबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "अहो, स्थगितीला का नाही विचारत?"

"तिचा काय संबंध?"

"अकरा वर्षं रोज तीन वाजता ती या खिडकीच्या उन्हात येऊन पडायची. बाईंचं काम झाल्यापासून ती इथे फिरकलेली नाही. स्वयंपाकघरात पडून असते. माझ्या पायांत येते, परवा मी जवळजवळ तिच्यावर बसले. त्या खिडकीला लेप नाही ना!"

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. उन्हाच्या चौकोनात स्थगिती चारी पाय पसरून पडली होती.

जजसाहेबांनी वाकून तिच्याकडे भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. तिला स्वयंपाकघरात काकडी मिळत असेल. पण साक्षीदार निःपक्षपाती आहे, हे मान्य करावं लागेल."

मग तिथल्या तिथे त्यांनी चाचणी ठरवली. बैठकीच्या दोन जुळ्या खिडक्यांपैकी एकीवरचा लेप काचबाईंनी पूर्ण काढायचा. कुठल्या खिडकीवरचा, ते पत्नीनं नाणं उडवून ठरवायचं. तोवर ते आणि सेक्रेटरी जिन्यात बसणार. उत्तर चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. मग कासव मधोमध सोडायचं. आणि कासवाला कुणी डोळ्यांनी खुणा करू नयेत, म्हणून चाचणी चालू असताना दोन्ही बायकांनी स्वयंपाकघरात दार लावून बसायचं.

"कासवाला कोण खुणा करतं हो?" पत्नी म्हणाल्या.

"लोकांनी काय काय केलंय ते मी पाहिलंय," जजसाहेब म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले.

नाणं पडलं, उजवी खिडकी निघाली. काचबाईंनी पातं घेतलं, द्रवात भिजवलेलं फडकं काचेवर दाबून धरलं आणि खरवडायला सुरुवात केली. लावलेला लेप त्यांनी पूर्वीही काढला होता, पण तो कुठे धूळ बसली, कुठे ओघळ आला म्हणून. हा लेप निर्दोष होता. पहिली साल पात्यावर गोळा झाली, तेव्हा त्यांना स्वतःच्या हातानं घातलेली शिवण उसवल्यासारखं वाटलं. गंमत म्हणजे खरवडून निघाला की त्या धुरकट भुग्यातच काय तो लेप डोळ्यांना दिसायचा. तो दाखवून पुरावा द्यावा असंही क्षणभर मनात आलं. पण जजसाहेब म्हणाले असते, भुगा कशाचाही असतो.

सव्वा तासानं काच स्वच्छ झाली. दोन्ही खिडक्या त्यांनी सारख्याच पुसल्या. जजसाहेब भिंग घेऊन आत आले, दोन्ही काचा वरपासून खालपर्यंत पाहिल्या आणि त्यांना काही म्हणजे काही फरक कळला नाही. यावर ते जरा खूशच दिसले. मग बायका स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लागलं.

काचबाई एका डब्यावर बसल्या. पलीकडून जजसाहेबांचा आवाज येऊ लागला. ते सेक्रेटरीला लिहायला सांगत होते.

"तीन वाजून सात मिनिटं. साक्षीदारास मधोमध ठेवलं. मान आत."

"तीन अकरा. मान आतच."

"रोज अशीच करते," पत्नी कुजबुजल्या. "आधी रुसते."

"तीन पंधरा. मान बाहेर. साक्षीदार माझ्या चपलेकडे बघतो आहे. चप्पल हलवा, डॉक्टर. तुमची पण."

काचबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. बाहेर ऊन असेल ना अजून? ढग आला तर? दोन्ही चौकोन सारखेच झाले तर कासव बिचारं काय करणार?

"तीन एकोणीस. साक्षीदार चालू लागला. दिशा..." जजसाहेब थांबले. "दिशा डावी."

डाव्या खिडकीवर लेप होता. त्यांनी पत्नींकडे पाहिलं. पत्नींनी चष्मा काढून पुसला, जणू त्यामुळे भिंतीपलीकडचं दिसणार होतं.

"तीन चोवीस. साक्षीदार डाव्या खिडकीच्या उन्हात पोचला. थांबला."

आता संपलं, काचबाईंच्या मनात आलं. एकशे बारा खिडक्या गेल्या. नणंद काय म्हणेल ते त्यांना ऐकूसुद्धा यायला लागलं, मिनिटाला साठ शब्दांच्या वेगात. आणि मग एक भलताच विचार आला. आपण खरंच लावला होता ना? ते दोन दिवस, ती शिडी, तो वास, सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी एक क्षण त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. इतकी वर्षं लोक विचारत आले, त्यातलं थोडं आपल्यातही झिरपलं होतं तर.

"तीन सव्वीस. साक्षीदार मान वर करून खिडकीकडे बघतो आहे. हे 'बघतो आहे' खोडा, डॉक्टर, तो आपला तर्क झाला. 'मान वर' एवढंच लिहा."

बाहेर कुणाचीतरी खुर्ची करकरली.

"तीन अठ्ठावीस." जजसाहेबांच्या आवाजात पहिल्यांदाच माणूस डोकावला. "अरेच्चा. वळली!"

पत्नींनी काचबाईंचा हात घट्ट धरला.

"वळली म्हणजे, साक्षीदार वळला. दिशा उजवी. चाल... डॉक्टर, हिला मी इतक्या जोरात चालताना कधी पाहिलेलं नाही. लिहू नका हे. नाही, लिहा. तीन एकतीस. उजव्या खिडकीचं ऊन. पुढचे पाय पसरले. मागचे पाय पसरले. मान जमिनीवर. डोळे मिटले."

पुढची दहा मिनिटं दार लागलेलंच राहिलं. साक्षीदार झोपला होता आणि त्याला उठवणं जजसाहेबांच्या नियमात बसत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा जजसाहेब पाकीट हातात घेऊन उभे होते. त्यांनी ते फोडलं, चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली. 'लेप काढलेली खिडकी: उजवी.'

"साक्षीदारानं आधी चुकीचा जबाब दिला," ते हळू म्हणाले, "पण अनुभव घेऊन दुरुस्त केला. असे साक्षीदार मला तीस वर्षांत फार मिळाले नाहीत." मग काचबाईंकडे वळून अंग ताठ करून म्हणाले, "बाई, तुम्ही काम केलं होतं. ते मला दिसलं नाही, हा तुमचा दोष नव्हता. मी तक्रार मागे घेतो आणि तुमची क्षमा मागतो."

या क्षणी काहीतरी शोभेसं बोलावं असं काचबाईंना फार वाटलं. पण त्यांना उचकी लागली. एक, दोन, मग थांबेचना. पत्नींनी पाणी दिलं, सेक्रेटरीनं पाठीवर कुठे दाबायचं ते सांगितलं, जजसाहेबांनी श्वास रोखा असा आदेश दिला. शेवटी त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि नेमकं काय चाललंय हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

घरी गेल्यावर त्यांनी सगळी हकीकत साग्रसंगीत सांगितली, कासवाच्या चालीसकट. यजमान हात धुवायचे थांबून ऐकत राहिले. "त्या कासवाला वीस मिनिटांत कळलं," ते म्हणाले. "आम्हाला अजून शंका होती, म्हणजे आमची चाल बघ."

नणंदेनं वाहता नळ बंद केला. मग तिनं विचारलं, "डावीकडे गेली तेव्हा तुला काय वाटलं गं, वहिनी?"

"वाटलं, तू बरोबर होतीस."

नणंदेनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती 'आज काय लावलंस' असं विचारायची थांबली आणि 'आज कुठपर्यंत आलं' असं विचारू लागली.

काम पुन्हा सुरू झालं, पण आता वेगळाच घोळ झाला. जजसाहेबांच्या बैठकीतली उजवी खिडकी पत्नींनी पुन्हा लेपू दिली नाही. "ती तिची," त्या म्हणाल्या. ही बातमी जिन्यातून खाली उतरली आणि प्रत्येक घराला आपापली एक उघडी खिडकी हवीशी वाटू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघे शेकायला एक ठेवा म्हणाल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी ओले मोजे वाळवायला एक मागितली. एका घरात नवराबायकोचं जमेना. त्याला गार खोली हवी, तिला ऊबदार. काचबाईंनी दोन खिडक्यांपैकी एकीलाच लेप लावला आणि पलंग मध्ये ठेवायला सांगितला. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, मला ऊन नको, लेपही नको, पण सगळ्यांना विचारलंत तर मलाही विचारा.

सेक्रेटरीचं डोकं फिरायची वेळ आली. त्यानं ठरावात एकशे बारा लिहिले होते. काचबाईंनी त्याच्यासमोर इमारतीचा नकाशा मांडला, एकेक उघडी खिडकी मोजली आणि उरलेल्यांची यादी केली. शहाऐंशी. त्या शहाऐंशी खिडक्या त्यांनी सात आठवड्यांत संपवल्या. जजसाहेब रोज अकराला चक्कर टाकत, शिडीखाली हात मागे बांधून उभे राहत आणि प्रश्न विचारत. लेप वरून खालीच का? वाऱ्यानं काय होतं? काचबाई तावदान पुरं झाल्याशिवाय उत्तर देत नसत, आणि जजसाहेबही निमूट थांबत. आठव्या दिवसापासून ते चौकटीला कागदी पट्टी चिकटवून देऊ लागले. पट्टी इतकी सरळ असायची की काचबाईंनी तोंडावर कौतुक केलं, आणि जजसाहेबांनी पहिल्यांदाच 'कशावरून' असं विचारलं नाही.

पुढे कामं वाढली. काचबाईंनी हाताखाली दोघीजणी घेतल्या. एक पूर्वी केकवर नक्षी काढायची, तिचा हात स्थिर. दुसरी नर्स होती, ती काच पुसताना "जरासंच गार लागेल" असं पुटपुटायची. शाळेचं वाचनालय झालं, एका शिंप्याचं दुकान झालं, जिथे काचबाईंनी आत शिरल्याबरोबर ताग्यांच्या कडा तपासल्या. फोनवर लोक विचारत, काम झाल्यावर दिसेल का काही? त्या म्हणत, "नाही. पण पडदा दोन वर्षांनी बघा."

केकवाली पहिल्या दिवशी शिडीवर चढली, स्पंज ओढत खालपर्यंत आली, आणि ओल्या काचेकडे बघत राहिली. काच बघता बघता वाळली आणि तिथे काहीच उरलं नाही.

"काचबाई," ती गोंधळून म्हणाली, "माझं झालं की राहिलं? केकचं कसं, गुलाब दिसतो."

"एका दमात ओढलंस?"

"हो."

"मध्ये बोललीस?"

"नाही."

"मग झालं," काचबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिडी पुढच्या तावदानाखाली सरकवली. "आता खाली ये आणि काय बोलायचं होतं ते बोल. पुढच्या काचेला अजून पाच मिनिटं आहेत."